विश्लेषण : मेंदूचे रखवालदार थकतात तेव्हा... स्मृतिभ्रंशाचा धोका महिलांना अधिक का? चंद्रपूर-गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत पहाटे घरे रिकामी होतात. मोहफुले वेचायला बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजीही असतात. कोणत्या मोहाखाली फुले जास्त पडतात, नाल्याच्या कोणत्या बाजूने परतायचे, हे त्यांना चाळीस-पन्नास वर्षे पाठ असते. अशी एखादी आजी एके दिवशी ओळखीच्या वाटेवर थबकते, टोपली विसरून येते, सुनेला मुलीच्या नावाने हाक मारते. घरातले म्हणतात, वय झाले. शेजारचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी.

वय हे कारण खरे असले तरी पूर्ण नाही. त्याच वयाच्या दोन माणसांपैकी एकाची स्मृती शाबूत राहते आणि दुसऱ्याची ढासळते. यामागच्या कारणांचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींकडे गेले आहे. या पेशी वयानुसार बदलतात आणि स्त्री-पुरुषांमध्ये त्यांची वागणूक सारखी नसते. जंगलाने वेढलेल्या या दोन जिल्ह्यांतील वृद्धांशी, विशेषतः वृद्ध महिलांशी, या संशोधनाचा काय संबंध आहे, ते पाहू.

मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी कोणत्या?

शरीरात जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात. मेंदूत मात्र त्यांना सहज प्रवेश नसतो. रक्तवाहिन्यांच्या घट्ट आवरणामुळे मेंदू बराचसा वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे मेंदूची स्वतःची यंत्रणा आहे. तिच्यातील मुख्य पेशींना ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींची स्वतंत्र ओळख पटवली. मेंदूतील एकूण पेशींत त्यांचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के असते.

त्यांचे मूळही वेगळे आहे. रक्तातील बहुतेक पेशी अस्थिमज्जेत सतत नव्याने बनतात. मायक्रोग्लियाचे पूर्वज मात्र गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पीतक कोशातून मेंदूत येतात आणि तिथेच स्थायिक होतात. पुढे आयुष्यभर त्यांची संख्या मेंदूतच विभाजनाने टिकवली जाते. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या मेंदूचे रक्षण करणारी फौज ही जन्माआधीच्या मूळ तुकडीचाच वंश असते.

त्यांचे काम समजायला वनविभागाची रचना उपयोगी पडते. जंगल बीटमध्ये वाटलेले असते आणि प्रत्येक बीटला एक वनरक्षक असतो. मायक्रोग्लियाही मेंदूत अशाच आपापल्या हद्दीत पसरलेल्या असतात. त्यांच्या फांद्यांसारख्या बारीक शाखा सतत हलत असतात आणि आजूबाजूचा भाग चाचपत असतात. मेलेल्या पेशी, प्रथिनांचा कचरा, जंतू सापडला की त्या गिळून टाकतात. चेतापेशींमधील नको असलेले सांधेही त्या छाटतात. मूल वाढत असताना ही छाटणी आवश्यक असते. तिच्यामुळे मेंदूची जोडणी नेटकी होते.

धोका मोठा असेल तर या पेशी रासायनिक संदेश सोडून दाह निर्माण करतात. दाह म्हणजे शरीराने लावलेली आगच. जाळरेषा काढताना लावलेली छोटी आग जंगल वाचवते. ती वेळेत विझली नाही, तर तिचाच वणवा होतो. मायक्रोग्लियाच्या बाबतीत वय वाढल्यावर नेमका हाच प्रश्न निर्माण होतो.

वयानुसार काय बिघडते?

तरुण मेंदूत या पेशी लवकर जाग्या होतात, काम करतात आणि पुन्हा शांत होतात. वय वाढले की तिन्ही टप्प्यांत अडचण येते. त्यांच्या शाखा आखूड होतात, हालचाल मंदावते. कचरा गिळण्याची क्षमता कमी होते. छोट्या कारणानेही त्या जास्त भडकतात आणि भडकल्यावर लवकर शांत होत नाहीत. वृद्ध व्यक्तीला साधा ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की ती अचानक बरळू लागते, दिवस-रात्र ओळखेनाशी होते, हे अनेक घरांनी पाहिलेले असते. संसर्ग मेंदूत नसतानाही असे होते. त्यामागील एक कारण म्हणून या ‘आधीच तापलेल्या’ पेशींकडे पाहिले जाते.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराची पहिली नोंद सादर केली. त्यांची ती रुग्ण पन्नाशीतील महिला होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत त्यांना प्रथिनांच्या गाठी आणि चेतापेशींत गुंतलेले धागे दिसले. आज या दोन्हींना अनुक्रमे अमायलॉइड आणि टाऊ म्हणतात. चेतापेशींच्या भोवतालच्या सहायक पेशींत चरबी साठल्याचेही त्यांनी नोंदवले होते. ते निरीक्षण जवळपास शतकभर मागे पडले. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी वृद्ध मेंदूत चरबीचे थेंब साठलेल्या मायक्रोग्लियाचे वर्णन केले. या पेशी कचरा नीट उचलत नाहीत आणि दाह वाढवणारी रसायने जास्त सोडतात, असे त्यांना आढळले.

जनुकांच्या अभ्यासानेही बोट याच पेशींकडे दाखवले. २०१२ च्या अखेरीस ‘ट्रेम-२’ या जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका दोन ते चारपट वाढतो, असे समोर आले. मेंदूत हे जनुक प्रामुख्याने मायक्रोग्लियात काम करते. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी उंदरांत अशा मायक्रोग्लिया शोधल्या, ज्या अमायलॉइडच्या गाठींभोवती जमून त्यांना घेरतात. या अवस्थेत पूर्णपणे जाण्यासाठी ट्रेम-२ लागते. म्हणजे या पेशी केवळ खलनायक नाहीत. आजाराच्या सुरुवातीला त्या मेंदू वाचवतात आणि दीर्घकाळ भडकलेल्या राहिल्या तर चांगले सांधेही छाटू लागतात.

स्त्री आणि पुरुषांच्या पेशींत फरक का?

अनेक वर्षे प्रयोगशाळांत बहुतांश प्रयोग नर उंदरांवर होत. मादीच्या हार्मोन चक्रामुळे निष्कर्ष गुंतागुंतीचे होतात, असा त्यामागचा समज होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधनात लिंगाचा विचार करणे अपेक्षित केले. त्यानंतर या विषयाला वेग आला.

या अभ्यासांतून दिसलेला फरक एका ओळीत मांडता येत नाही. २०१८ मधील एका प्रयोगात तरुण मादी उंदरांच्या मायक्रोग्लिया नरांच्या मेंदूत बसवल्या, तेव्हा रक्तपुरवठा थांबल्याने होणारे नुकसान कमी झाले. तरुणपणी मादीच्या पेशी अधिक संरक्षक दिसतात. पण वय झालेल्या आणि अल्झायमरसारखी लक्षणे दिलेल्या मादी उंदरांत चित्र पालटते. त्यांच्या मायक्रोग्लिया दाहाकडे अधिक झुकतात आणि त्यांचा ऊर्जावापरही बदलतो.

याची दोन मोठी कारणे मानली जातात. पहिले गुणसूत्रांचे. स्त्रियांत दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात आणि त्यांतील एक बहुतांशी बंद ठेवलेले असते. तरीही त्यावरील काही जनुके सुटून काम करत राहतात. रोगप्रतिकाराशी संबंधित अनेक जनुके एक्सवर आहेत. जंतूंची चाहूल लावणारे ‘टीएलआर-७’ हे त्यांतलेच. त्यामुळे स्त्रियांची प्रतिकारशक्ती अनेकदा जास्त तीव्र असते. संसर्गात ते फायद्याचे ठरते. मात्र ल्युपससारखे, शरीर स्वतःवरच उलटणारे आजार महिलांत जास्त आढळण्यामागेही हे एक कारण आहे.

दुसरे कारण इस्ट्रोजेनचे. हे हार्मोन मायक्रोग्लियातील दाह आवरून धरते. रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि हे संरक्षण कमी होते. पुरुषांत हार्मोन हळूहळू कमी होतात. स्त्रियांत तो बदल काही वर्षांत घडतो.

यातील बराचसा पुरावा उंदरांवरचा आणि मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवरचा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. एखाद्या महिलेला स्मृतिभ्रंश होईल का, हे तिच्या मायक्रोग्लियावरून आज कोणी सांगू शकत नाही.

मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर?

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे आणि उत्तर सावध करणारे आहे. अमेरिकेतील ६५ वर्षांवरील सुमारे साडेचार हजार महिलांवरील चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट आढळले. रजोनिवृत्तीच्या आसपास लवकर सुरू केल्यास परिणाम वेगळा असू शकतो, अशी चर्चा तेव्हापासून सुरू आहे. मात्र केवळ स्मृती वाचवण्यासाठी हार्मोन घेण्याचा सल्ला डॉक्टर देत नाहीत.

उलट एक गोष्ट बरीच स्पष्ट आहे. रजोनिवृत्तीच्या वयाआधीच अंडाशय काढलेल्या महिलांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७ मधील अभ्यासात दिसले. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला होता. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले जाते का, का काढले जाते, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक महिलेने शस्त्रक्रियेआधी विचारायला हवा. त्याचा संबंध तीस वर्षांनंतरच्या मेंदूशीही आहे.

गडचिरोलीने महिलांच्या आरोग्याबाबत देशाला आणि जगाला एकदा जागे केले आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी इथल्या दोन गावांतील ६५० महिलांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के महिलांना स्त्रीरोगविषयक आजार असल्याचे आढळले. तोपर्यंत फक्त आठ टक्के महिलांची तशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपण आणि बाळंतपण यापलीकडे ग्रामीण स्त्रीचे आरोग्य असते, हे त्यातून ठसले. त्या काळात तिशी-चाळिशीत असलेल्या या भागातील महिला आज साठी-सत्तरी ओलांडून पुढे गेल्या आहेत.

भारतातील आकडे काय सांगतात?

भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन अभ्यासाचा भाग असलेल्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. महिलांत हे प्रमाण ९ टक्के, तर पुरुषांत ५.८ टक्के आहे. ग्रामीण भागात ८.४ टक्के आणि शहरी भागात ५.३ टक्के आहे.

म्हणजे धोक्याच्या दोन्ही यादीत ग्रामीण वृद्ध महिला वर येते. पण याचे सगळे खापर पेशींवर फोडता येत नाही. महिला सरासरी जास्त जगतात, त्यामुळे वयाचा धोका त्यांच्या वाट्याला जास्त येतो. शिक्षणाचा फरक तर फार मोठा आहे. शिकण्यामुळे मेंदूत जोडण्यांचा साठा तयार होतो आणि काही जोडण्या नष्ट झाल्या तरी कामकाज चालू राहते. आज सत्तरीत असलेल्या पिढीत मुलगा शाळेत गेला आणि मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहिली, हे दोन्ही जिल्ह्यांत सर्रास घडले. भारतातील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या बौद्धिक चाचण्यांतील तफावतीचा मोठा भाग शिक्षणातील फरकाने समजावता येतो, असे या पाहणीच्या विश्लेषणांतून पुढे आले आहे.

चुलीचा धूर आणि औष्णिक केंद्राची हवा

मायक्रोग्लियाला सतत डिवचणाऱ्या गोष्टींत हवेतील सूक्ष्म कणांचा समावेश होतो. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोल जातात आणि रक्तात दाह वाढवतात. अतिसूक्ष्म कण नाकातील गंधाच्या चेतातंतूंमार्फत थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत वायुप्रदूषण आहे. हे सर्व धोके दूर झाले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे. अमेरिकेतील ६५ ते ७९ वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक महिलांच्या २०१७ मधील अभ्यासात, सूक्ष्म कणांचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या भागातील महिलांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट आढळला होता.

चंद्रपूरसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने असलेल्या या भागाचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. निर्देशांक होता ८३.८८.

गडचिरोलीत कारखाने कमी आणि जंगल जास्त. तिथे धूर घरातच असतो. सरपणाच्या चुलीपाशी दिवसाचे काही तास बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. तीही वयाच्या आठ-दहा वर्षांपासून. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून अनेक घरांत सिलिंडर आले. पण जिथे जंगलातून सरपण मिळते आणि सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, तिथे गॅस चहापुरता आणि स्वयंपाक चुलीवर, अशी विभागणी होते. लाकूड-शेणीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांतील वृद्धांची स्मृती आणि आकलनाची कामगिरी तुलनेने कमी असल्याचे भारतीय पाहणीच्या विश्लेषणांत दिसले आहे. गरिबी आणि शिक्षणाचा परिणाम यातून पूर्ण वेगळा काढणे अवघड असते. तरीही धूर कमी करण्याचे हे आणखी एक कारण आहे.

गडचिरोलीत सर्वाधिक मृत्यू कशाने?

मलेरिया, साप किंवा कुपोषण हे उत्तर अनेकांच्या मनात येईल. ‘सर्च’ या संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांमधील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. त्यांत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि त्यांतील बहुतेक घरीच झाले.

स्मृतिभ्रंशाशी याचा थेट संबंध आहे. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या तुंबल्या किंवा फुटल्या की तो भाग मरतो. लक्षातही न येणारे छोटे झटके साठत गेले तरी विचारशक्ती मंदावते. यालाच रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश म्हणतात. मेलेल्या भागाभोवती मायक्रोग्लिया जमतात, साफसफाई करतात. पण आजूबाजूच्या धडधाकट भागातही दाह दीर्घकाळ रेंगाळू शकतो. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे प्रमुख कारण आहे. तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही.

पुरुषांना धोका कमी आहे का?

नाही. पुरुषांचा धोका अनेकदा वेगळ्या वाटेने येतो. तंबाखू, दारू, डोक्याला मार आणि न तपासलेला रक्तदाब हे त्यातील मोठे घटक. विदर्भात खर्रा घोटण्याची सवय घराघरांत आहे आणि ती महिलांतही कमी नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान सुरू आहे. अशा कार्यक्रमांची चर्चा कर्करोग आणि संसारांच्या नासाडीपुरती होते. त्यात उतारवयातील स्मृतीचाही मुद्दा जोडला जायला हवा. अति मद्यपान आणि धूम्रपान दोन्ही ‘लॅन्सेट’ आयोगाच्या यादीत आहेत.

नवी औषधे कितपत उपयोगी?

अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ही प्रतिपिंडे अमायलॉइडवर खूण करतात आणि खूण केलेला कचरा उचलण्याचे काम मायक्रोग्लिया करतात. लेकॅनेमॅबच्या दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. महिलांत हा परिणाम पुरुषांपेक्षा कमी दिसला. मात्र ती चाचणी स्त्री-पुरुष तुलनेसाठी आखलेली नसल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे तज्ज्ञांचे मत आहे.

ही औषधे शिरेतून द्यावी लागतात. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय लागतो. खर्च प्रचंड आहे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते. तिथल्या आजीसाठी हा उपचार नजीकच्या काळात येणार नाही.

‘बाहेरची बाधा’ नव्हे, आजार

औषध दूर असले तरी ओळख जवळ आणता येते. स्मृतिभ्रंशात केवळ विसरणे नसते. संशय वाढतो, कोणीतरी पैसे चोरले असे वाटू लागते, नसलेली माणसे दिसतात, रात्री उठून माणूस चालू लागतो. आजाराची माहिती नसलेल्या गावात या लक्षणांचा अर्थ बाधा, करणी किंवा जादूटोणा असा लावला जाण्याची भीती असते.

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना खांबाला बांधून मारहाण झाली होती. त्या व्यक्तींना असा काही आजार होता, असे त्यातून सुचवायचे नाही. पण जिथे संशयावरून म्हाताऱ्या माणसांवर हात उचलला जातो, तिथे विचित्र वागणारी वृद्ध व्यक्ती किती असुरक्षित असेल, याचा अंदाज येतो. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. वृद्धाच्या बदललेल्या वागण्यामागे मेंदूचा आजार असू शकतो, ही माहिती गावात पोहोचणे हे त्या कायद्याच्या जोडीचे काम आहे.

दुसरा धोका वाट चुकण्याचा. शहरात हरवलेला वृद्ध रस्त्यावर, स्टेशनवर कोणाच्या तरी नजरेस पडतो. चंद्रपूरच्या अनेक गावांत घरामागूनच जंगल सुरू होते आणि वाघाच्या हल्ल्यांत इथे दरवर्षी माणसे मरतात. मोहफुले किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात अशा व्यक्तीला एकटे पाठवू नये, हातात किंवा गळ्यात नाव-गाव आणि मोबाइल क्रमांक असलेली पट्टी ठेवावी, रात्री दाराला आवाज करणारी साखळी लावावी, एवढी खबरदारी कोणतेही घर घेऊ शकते.

तपासणी कोणत्या भाषेत?

आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करा, हे वाक्य लिहा, असे प्रश्न स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांत असतात. कधीच शाळेत न गेलेली व्यक्ती त्यात नापास होते आणि तिची स्मृती ठणठणीत असू शकते. उत्तर भारतातील ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी म्हणूनच १९९० च्या दशकात हिंदीतून वेगळी चाचणी तयार करण्यात आली. गडचिरोलीत मराठीसोबत गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू आणि बंगाली बोलली जाते. माडिया आजीला मराठीतून प्रश्न विचारून मिळालेले उत्तर तिच्या मेंदूबद्दल कमी आणि भाषेबद्दल जास्त सांगेल. बाजाराचा वार कोणता, आता कोणता हंगाम, काल काय शिजवले, हे प्रश्न तिच्या भाषेतून विचारले तर चित्र जास्त खरे दिसते.

या बहुभाषिकतेचा एक फायदाही असू शकतो. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला होता. निरक्षरांतही हा फरक आढळला. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी माडिया, बाजारात मराठी आणि सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात ही बाब महत्त्वाची ठरते.

आता काय करता येईल?

प्रत्येक विसरभोळेपणा स्मृतिभ्रंश नसतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार, नैराश्य, काही औषधे आणि बहिरेपणा यांमुळेही माणूस गोंधळतो. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. त्यामुळे सहा महिन्यांपासून विसरणे वाढत असेल, रोजची कामे चुकत असतील किंवा स्वभाव पालटला असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मग जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर संसर्ग किंवा पक्षाघाताची शक्यता असते. तेव्हा वाट पाहू नये. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

प्रतिबंधात सर्वांत मोठा फायदा रक्तदाबातून मिळू शकतो. चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ गावांत सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तिथे गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांनी औषधे देऊन, पाठपुरावा करून रक्तदाब आटोक्यात ठेवला. चार वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले.

गावातील प्रशिक्षित व्यक्तीच्या हाती आरोग्यसेवा देण्याचा धडा गडचिरोलीला नवा नाही. ‘सर्च’ने गावातील महिलांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्यातून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. देशातील ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत होणाऱ्या गृहभेटींमागे हा अनुभव आहे. तीसहून अधिक वय असलेल्यांची रक्तदाब आणि मधुमेह तपासणी आज सरकारी कार्यक्रमात आहे आणि आरोग्य उपकेंद्रात ती मोफत होते. त्या भेटीत स्मृतीबद्दलचे दोन-चार प्रश्न, कानाची आणि डोळ्यांची तपासणी जोडणे शक्य आहे. अमेरिकेतील २०२२ च्या एका अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्के कमी दिसले होते.

मायक्रोग्लियाला शांत ठेवणारी गोळी अद्याप बाजारात नाही. त्यांना डिवचणाऱ्या गोष्टी मात्र ओळखीच्या आहेत : धूर, तंबाखू, दारू, वाढलेला रक्तदाब आणि साखर, एकटेपणा. यंदा मोहफुलांच्या हंगामात आजी जंगलात जाणार असेल, तर तिच्यासोबत एक नातवंड असावे आणि त्याआधी एकदा तिचा रक्तदाब मोजलेला असावा.